उजेड पाठीशी

"खिडकी तुम्हीच बुजवलीत, साहेब, आणि आता म्हणता ती नव्हतीच."

सुभद्रा हे भिंतीला सांगत होती. एक हात गिलाव्यावर, दुसरा कमरेवर. साहेब तिथे नव्हते, ते उद्या भेटणार होते, त्यांच्या कचेरीत, पंख्याखाली. इथे चिंचपोकळीच्या चाळीतल्या टोकाच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराखालच्या फटीत तिची भाची आकांक्षा जुनं लुगडं कोंबत होती.

"आते, साहेबांना उद्या सांग. आता ते पायपुसणं दे."

सुभद्रेने पायपुसणं दिलं. आकांक्षाने तेही कोंबलं आणि ट्यूबलाइट बंद केली. भर दुपारी स्वयंपाकघर मिट्ट काळोखात गेलं. फक्त कोपऱ्यातल्या देवघरात लाल झिरोचा बल्ब तेवढा राहिला.

लोक फिल्म धुवायला अंधार विकत घेतात म्हणे, काळी पिशवी मागवतात, पडदे शिवतात. सुभद्रेला तो साहेबांच्या चाळदुरुस्ती खात्याने फुकट दिला होता. मागची भिंत फुगली म्हणून दुरुस्तीवाले आले, खिडकीत विटा भरल्या, वरून गिलावा मारला आणि काम संपलं की उघडून देतो म्हणाले. काम संपलं. ठेकेदार गेला, साहेब बदलले. नव्या साहेबांच्या नकाशात तिथे सरळ भिंत होती आणि त्या भिंतीवरून आता सगळ्या मजल्यांच्या संडासाचे पाइप उतरणार होते. एकदा पाइप उतरले की खिडकीचं नाव घ्यायला नको.

सुभद्रेने साहेबांना सगळं सांगितलं होतं. खिडकीला गज होते, त्यातला मधला वाकडा होता. तिच्या नवऱ्याने, रघूने, तो वाकवला होता; बाहेर शेवग्याचं झाड होतं, हात घालून शेंगा काढता याव्यात म्हणून. शेजारीपाजारी सांगतील, म्हणाली. शेजारी काय, काहीही सांगतात, साहेब म्हणाले. मग हसून म्हणाले, वाकड्या गजाचा फोटो आणा, पाइप हलवतो. नाहीतर सोमवारी काम सुरू.

ज्यांच्या घरात चार खिडक्या असतात त्यांना एक खिडकी म्हणजे काय ते कळत नाही. त्यांना हसू येतं.

फोटो असलाच तर तो एकाच ठिकाणी होता. गिरणी बंद पडल्यावर रघू लालबागच्या एका स्टुडिओत कामाला लागला होता. तिथले उरलेसुरले ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरातच फोटो काढत बसायचा. तो गेला तेव्हा कॅमेऱ्यात अर्धा रोल तसाच राहिला होता. कॅमेरा माळ्यावर गेला. खिडकी त्यानंतर बुजली. एक जुना लॅबवाला अजून असे रोल धुवून देत होता, पण तो दहा-बारा दिवस लागतील म्हणाला. म्हणून मग आकांक्षाने, जिने आयुष्यात मोबाइलशिवाय कशाने फोटो काढला नव्हता, फिल्म धुवायचा एक जुना डबा आणि औषधाच्या पावडरीच्या दोन पुड्या मिळवल्या होत्या.

आधी सरावाला रघूच्याच कॅमेऱ्यात एक नवा रोल. तिने गॅलरी काढली, जिना काढला, पोहे खाणारी आते काढली. मग याच स्वयंपाकघरात, असाच अंधार करून, तो धुतला. देवघरातला दिवा दोघींनी चालूच ठेवला होता. देवाला अंधारात ठेवू नये, ही सुभद्रेच्या सासूची शिकवण. आणि फोटो धुताना लाल दिवा असतोच की, सिनेमात बघितलाय, हे आकांक्षाचं ज्ञान. डब्यातून फिल्म निघाली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी, तव्यासारखी.

आकांक्षाने मयूरला फोन लावला. तो तिच्या ऑफिसातला, हे वेड त्याला जुनं होतं. त्याने पावडर विचारली, पाणी विचारलं, मग खोलीत काही चालू होतं का ते विचारलं. काही नाही, देवाचा दिवा तेवढा, ती म्हणाली, आणि तो हसत सुटला. लाल दिवा फोटो कागदावर छापताना चालतो, फिल्मला तोही चालत नाही. तुमच्या देवानेच सगळा प्रकाश पाडला म्हणायचं, म्हणाला.

आज रघूचा रोल होता. तो परत कुठे मिळणार नव्हता.

अंधारात दोघी त्या लाल ठिपक्याकडे बघत उभ्या राहिल्या. दिवा काढायला आकांक्षानेच सांगायला हवं होतं, पण आतेच्या घरात आतेच्या देवाला कोण सांगणार.

सुभद्रा पुढे गेली. बल्बच्या वायरवर हात फिरवत प्लगपर्यंत आली.

"तुम्हीपण बसा जरा काळोखात," ती देवांना म्हणाली. "मी बसलेय ना इतकी वर्षं."

प्लग निघाला. मग काहीच दिसेना, स्वतःचा हातसुद्धा.

आकांक्षाने ओपनरने रोलची टोपी उचकटली. फिल्म बोटांना लागली, गुळगुळीत, स्प्रिंगसारखी अंगावर येणारी. ती प्लास्टिकच्या चक्रीच्या खाचेत घालायची होती. पहिल्यांदा सरकली, मग अडली. तिने मागे ओढली, पुन्हा घातली. घामाने बोटं चिकट झाली होती.

"काय झालं गो?"

"अडकतेय."

"जोर नको लावू. सुईत दोरा ओवताना लावतेस का जोर?"

"मी कधी ओवलाय?"

"तेच म्हणते."

आकांक्षाला हसू आलं, हात सैल पडला आणि फिल्म सुरसुरत आत गेली. चक्री डब्यात, डब्यावर झाकण. तिने झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघितलं आणि मगच दिवा लावायला सांगितलं. सुभद्रेने ट्यूबलाइटच्या आधी देवाचा प्लग लावला.

पुढचं उजेडात होतं. औषधाला थंड पाणी लागतं, आणि चाळीच्या टाकीतलं पाणी दुपारी चहाला अर्धं तयारच असतं. सुभद्रेने मासळीवालीकडून बर्फ मागून आणला होता, परातीत औषधाचं भांडं त्या बर्फात बसवलं होतं. सगळ्या खोलीला बांगड्याचा वास सुटला होता. औषध डब्यात ओतलं, डबा उलटा, सुलटा, थांब. पुन्हा उलटा, सुलटा. थोड्या वेळाने सुभद्रेने डबा मागून घेतला. आत काय चाललंय, तिने विचारलं. आकांक्षाने सांगितलं, जिथे उजेड पडला होता तिथे काळं होत असेल. म्हणजे उजेड अजून आत आहे, सुभद्रा म्हणाली, आणि डबा कानाशी नेला.

दुसरं औषध झालं, धुणं झालं. आकांक्षाने झाकण काढलं आणि फिल्मचं टोक उचललं. या वेळी तिच्यावर चौकटी होत्या. राखाडी, पुसट, जुनेपणाने धुरकटलेल्या, पण होत्या. तिने फिल्म मोरीतल्या तारेला चिमट्याने टांगली आणि ती वाळेपर्यंत दोघींनी चहासुद्धा केला नाही.

मग मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर फिल्म धरून, दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून तिने ते उलटवले, काळ्याचं पांढरं केलं. जिन्यातली मांजर. शेजारचं लहान पोर, तोंडाला काहीतरी माखलेलं. आणि मग हे स्वयंपाकघर. सुभद्रा वाटण वाटताना, सुभद्रा डबा उघडताना, सुभद्रा डोळे बारीक करून रागावताना. सगळे फोटो याच खोलीतले.

खिडकी एकातही नव्हती.

आकांक्षाने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. "आते, काका दर वेळी इथे उभे राहायचे? या भिंतीला?"

"तर काय. खिडकीला टेकून. उजेड पाठीशी ठेवायचा, म्हणायचे, फोटोचा पहिला नियम." सुभद्रा थांबली. "म्हणजे खिडकी त्यांच्या पाठीमागेच राहिली."

आकांक्षाने मोबाइल ठेवून दिला. इतका बर्फ, इतका अंधार, आणि काय तर नियम. सुभद्रेने मोबाइल उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि रागावलेल्या फोटोवर बोटं फाकवून तो मोठा केला. स्वतःचा चेहरा सोडून ती त्यामागे दिसणाऱ्या, खिडकीसमोरच्या भिंतीकडे बघत होती. बराच वेळ.

"हे बघ."

भिंतीवर उन्हाचा तिरका चौकोन पडला होता. त्यात उभ्या काळ्या रेघा. मधली रेघ कमरेत वाकलेली. आणि रेघांच्या पुढे, चौकोनाच्या खालच्या अंगाला, दोन्ही कोपरं वर उचललेली एक सावली.

"हे कोण?" आकांक्षाने विचारलं, आणि विचारल्यावर तिला कळलं.

"फोटो काढताना डावं कोपर असंच वर जायचं," सुभद्रा म्हणाली. "त्यांचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. पासपोर्टचा तेवढा." मग मोबाइल पदराने पुसत म्हणाली, "झेरॉक्सवाल्याकडून मोठा काढून आण. चांगल्या कागदावर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद हातात घेतला, पंख्याने उडू नये म्हणून टेबलावर तळहाताखाली धरला, आणि बघितला. मागे आकांक्षा उभी होती.

"बाई, यात खिडकी कुठे आहे?"

"नाही."

"मग?" त्यांनी कागद परत सरकवला.

सुभद्रेने तो घेतला नाही. तिने उन्हाच्या चौकोनावर बोट ठेवलं, वाकड्या रेघेवरून खाली आणलं, सावलीपाशी थांबली आणि तिथेच ठेवलं.

"तुमच्या नकाशात खिडकीच्या जागी भिंत आहे. बरोबर? आणि ही सावली माझ्या यजमानांची, त्याच भिंतीला पाठ लावून ते फोटो काढतायत."

साहेब वाकून बघत होते. त्यांचं बोट नकळत त्या वाकड्या रेघेवर आलं होतं.

"मग हा उजेड आला कुठून?"

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. बाहेर पुढच्या माणसाचा नंबर पुकारला गेला. सुभद्रेने खुर्ची पुढे ओढली.

"मी बसलेय, साहेब. सांगा."