अधोली आणि फॉर्म

सृष्टीचं वागणं मला मुळीच पटलं नाही. मोबाईल उभा राहीना, तर टेकू म्हणून तिनं काय घ्यावं? मला.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी अधोली आहे. धान्य मोजायचं माप. माझ्यासारख्या दोन भरल्या की पायली होते. माझ्या मालकिणीच्या, चांगुणाबाईंच्या, सासऱ्यांनी घोडेगावच्या बाजारात बैल विकला आणि येताना मला आणलं, तेव्हा माझ्या अंगात चेहरा दिसायचा.

चाळीस वर्षं या घरातला दाणा माझ्यातून गेला. चांगुणाबाई पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. उन्हाळ्यात साऱ्या आळीच्या कुरडयांचा गहू मीच मोजायची. 'अधोलीच्या कुरडया' म्हणजे किती, हे केडगावच्या सोयऱ्यांनाही ठाऊक होतं.

मग वजनकाटा आला आणि मी फडताळात गेले. तेही सोसलं. पण यंदा गावच्या शाळेला बाक घ्यायचे ठरले. बायकांनी कुरडया करून विकायच्या, आणि ऑर्डर घ्यायला चांगुणाबाईंच्या धाकट्या सुनेनं, सृष्टीनं, मोबाईलवर फॉर्म केला. आठ दिवस नुसते त्याचे लाड. इथं निळा रंग, तिथं फुलांची नक्षी. माझ्यावर दोन वर्षांत ओलं फडकं फिरलं नव्हतं. पाठ माझी आणि कौतुक त्याचं. जळफळाट होणार नाही तर काय?

आणि एवढं नटून ऑर्डरी आल्या किती? नऊ. गुरुवारी गहू भिजत घालायचा होता. नऊ ऑर्डरींत कसले बाक येतात? सृष्टीचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

तेवढ्यात चांगुणाबाईंच्या नणंदेचा, भागूबाईंचा, केडगावहून फोन आला. आवाज पार अंगणात.

"वैनी, चार कुरडया कुनाच्या दाताला लावू?"

"चारच कशा?"

"त्यात 'किती' म्हनून इचारलं, मी चार लिवलं. तर म्हनतंय, चार नग मिळतील. वर ईमेल मागतंय. माझ्याकडं म्हैस हाय, ईमेल न्हाई. शेजारच्या पोरीचं घातलं. बाकीच्या बाया तिथनंच माघारी फिरल्या."

सृष्टी हळूच म्हणाली, "आत्याबाई, फॉर्ममध्ये नगच असतात."

"कुरडया नगावर कोन मागतं गं? विड्या हायेत का त्या?"

असं म्हणून चांगुणाबाईंनी मला ओढलं. मोबाईल गव्हाच्या पाटीत पालथा पडला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. त्यांनी मला पदरानं पुसलं, शिगोशीग भरलं आणि सुनेपुढं ओतलं.

"लाभ. एवढ्या गव्हाच्या कुरडया चौघांच्या घराला वरीसभर सनावाराला पुरत्यात. भागूच्या तीन लेकींची तीन घरं नि तिचं एक, म्हनून तिला चार अधोल्या. आता कळलं, ती चार काय म्हनत हुती ते?"

सृष्टीला कळलं. तिनं माझा फोटो काढून फॉर्मात घातला. खाली लिहिलं, 'एवढ्या गव्हाच्या कुरडया. चौघांना वर्षभर.' ईमेल काढून टाकलं, नाव आणि फोन नंबर ठेवला. फोटोवर बोट टेकवलं की आकडे यायचे: लाभ, दोन, तीन. बुधवार संध्याकाळपर्यंत साठावर ऑर्डरी आल्या. भागूबाईंनी कुणाला न विचारता चारदा बोट टेकवलं.

शाळेच्या नीलांबरीबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सृष्टी, किती सोपा फॉर्म गं!"

बघा. बोटं माझ्यावर टेकवायची आणि नाव त्याचं. त्या गेल्या आणि सृष्टीनं मोबाईल पुन्हा माझ्याच पाठीला लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल. टेकू करण्याआधी त्याला एकदा पुसा, तुझं काम काय होतं, असं विचारा. मला बोलता येत नाही. पण चांगुणाबाईंनी बघितलं, मोबाईल उचलून सुनेच्या हातात दिला आणि म्हणाल्या,

"सृष्टे, फॉर्म झ्याक केलास, कुनाला जमला न्हाई असा. पन जिच्याकडनं शिकलीस तिचाच टेकू करतीस व्हय? मोबाईलला वीट बघ. अधोली गव्हात ऱ्हाईल."