न रडलेला बाप

दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीतल्या क्लाइनराखाउ गावात ज्यू कुटुंबं होती तीन. पण रविवारी कॉफी-केकच्या टेबलावर कान द्या, गावातल्या आजोबांनी नाझींपासून तळघरात लपवलेले ज्यू चारशेच्या घरात भरतात! मग बटाटे कुठे ठेवत होते, हे कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याला केक मिळत नाही.

नव्वदीला टेकलेल्या गेर्लिंडे वुटकेला केकची पर्वा नव्हती. युद्धात नाझींनी ज्यू डॉक्टर लेवेनहार्टच्या कुटुंबाला पकडून नेलं, आणि पुढच्याच आठवड्यात चौकात त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. सात वर्षांची गेर्लिंडे बापाचं बोट धरून उभी होती. बापाने ओकचं कपाट घेतलं. ते अजून तिच्या स्वयंपाकघरात होतं. मरण्याआधी एकदा कुणीतरी हे झालं तसं दाखवावं, एवढीच तिची इच्छा. म्हणून म्युनिकहून सिनेमावाले आले तेव्हा तिने गोष्ट दिली, कपाटही दिलं. अट एकच: जसं झालं तसं.

चौकात कॅमेरा लागला. जुने कोट चढवून गाव गर्दी करून उभं राहिलं. बापाचं काम करणाऱ्या नटाने कपाटावर हात ठेवला आणि हुंदका दिला.

"थांबा!" गेर्लिंडेने काठी आपटली. "माझा बाप रडला नव्हता."

"आतून रडला असेल, वुटकेबाई," दिग्दर्शक ब्रांडहॉर्स्ट म्हणाला.

"घरी येईपर्यंत शीळ घालत होता मेला!"

"बाई, सरळसोट दुष्ट माणूस आता चालत नाही. गुंतागुंत लागते. म्हणून तर आम्ही त्याला व्हायोलिन दिलंय."

"दुष्ट कोण म्हणतंय? स्वस्तात कपाट मिळालं म्हणून हरखलेला माणूस होता तो. माझा लाडका बाप! ही गुंतागुंत पुरत नाही तुला? आणि ही मंडळी डोळे काय पुसतायत?"

"आम्हाला दुःख करायला सांगितलंय," खाटीक एगॉन क्निस्पेल रुमालाआडून म्हणाला. "नाहीतर माझे आजोबा या लिलावाला कशाला आले असते? ते तळघरात सहा जणांना सूप पाजत होते."

गेर्लिंडे तरातरा लिलाववाल्याच्या खोक्यावर चढली.

"कपाट माझं आहे. विकतेय! आत्ता, रोख. वीस युरो!"

क्निस्पेलचा रुमाल खाली पडला.

"तीस!"

"पस्तीस! सरक रे एगॉन!" शेजारीण रोसविथाने त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"अगं, तुझ्या दारातून आत जाईल का ते?"

"दार पाडीन! चाळीस!"

कुणी लाकूड ठोकून पाहिलं, कुणी खण ओढले. नट डोळे पुसत ओरडला, "साठ!"

ब्रांडहॉर्स्ट कॅमेरावाल्याच्या कानाशी लागला. "बंद कर ना!"

"साहेब, दोन आठवड्यांत पहिल्यांदा चेहरे खरे दिसतायत."

खोक्यावरून गेर्लिंडेला सगळे दिसत होते.

"हा बघ माझा बाप," तिने ब्रांडहॉर्स्टला काठीने क्निस्पेल दाखवला. मग रोसविथा. मग नट. "आणि ही. आणि हा. हं, बोला! साठच्या वर कोण?"