एडिथ तू म्हणते

संजनाने हेडफोन काढून टेबलावर आपटले, खुर्ची मागे ढकलली आणि ती तरातरा परेशच्या जागेपाशी गेली.

"हे तू बदललंस?"

"काय, ताई?" परेशने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"एडिथ. शेवटी ती नवऱ्याला तू म्हणते. चौदा वेळा. तू सगळीकडे तुम्ही करून टाकलंस."

"हां, ते! कन्सिस्टन्सी एरर होती. दीड तास बाई नवऱ्याला अहोजाहो करते आणि एकदम तू? क्लायंटला वाटेल, झोपेत टाइप केलंय."

जुन्या ब्रिटिश थरारपटांचा एक गठ्ठाच कुठल्याशा भारतीय ओटीटीवाल्यांनी स्वस्तात उचलला होता आणि त्यांची मराठी सबटायटलं दुबईतल्या या ऑफिसात होत होती; संजना अनुवाद करायची आणि परेश तो तपासायचा. कृष्णधवल धुकं, ओले रस्ते, डोळ्यांवर टोपी ओढून चालणारी माणसं. ऑफिसातल्या पोरांना ते बघून जांभया येत. संजनाला मात्र त्यांनी वेड लावलं होतं. या लोकांत कुणी ऊर बडवत नाही, खून झाला तरी आधी चहाचं आधण ठेवतात, हे तिला फार आवडे.

आजच्या चित्रपटातल्या एडिथचा नवरा कापडदुकानदार, गावात शब्दाला वजन असलेला. शेवटच्या वीस मिनिटांत तिला त्याच्या रेनकोटच्या खिशात रेल्वेचं तिकीट सापडतं. ज्या गावी खून झाला त्या गावचं, त्याच तारखेचं. ती ते परत खिशात ठेवते, कपात चहा ओतते आणि पाठमोरीच विचारते, साखर घालू का. कॅमेरा तिचा चेहरा दाखवतच नाही. इंग्रजीत बिचारीकडे एकच 'यू' आहे, लग्नाच्या दिवशीही तोच आणि आजही तोच. त्या वाक्यापाशी संजना दोन दिवस अडून बसली होती. मग तिने लिहिलं, 'साखर घालू तुला?' आणि खुर्ची मागे सारून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"एरर नाहीये ती, परेश. तिला कळलंय रे! त्या क्षणाला कळलंय. त्यानंतर ती त्याची बायको उरलेलीच नाही. हे दुसरं कशातून सांगणार आहेस तू?"

"ताई, सबटायटलमधलं तू नि तुम्ही कोण बघत बसतंय? लोक मोबाइलवर बघतात, जेवता जेवता. चारला डिलिव्हरी आहे. यल्ला, चल, जाऊ दे ना."

"मला विचारायचंस तरी."

"विचारणार होतो गं. पण शेनॉनला लंचच्या आधी तपासणीचा रिपोर्ट हवा होता."

शेनॉन म्हणजे त्यांची मॅनेजर. संजनाने परेशच्या खांद्यावरून वाकून तो रिपोर्ट वाचला. नाव तिचं होतं. पुढे चौदा चुका. आणि कारणाच्या रकान्यात, अनुवादकाचा निष्काळजीपणा.

पाच वर्षांपूर्वी हाच पोरगा एक बॅग घेऊन शारजाला उतरला, तेव्हा तीन महिने तिच्या तिथल्या अल मजाज भागातल्या घरी राहिला होता. मुलीची खोली त्याला दिली आणि मुलीला हॉलमध्ये झोपवलं. सबटायटलची ओळ कुठे तोडायची, दोन ओळींत माणसाचं अख्खं भांडण कसं बसवायचं, सगळं तिने त्याला शेजारी बसवून शिकवलं. आणि आज हा शहाणा तिला निष्काळजी म्हणत होता, तेही लेखी, तेही तिच्या मागे! त्याच्या कानाखाली एक सणसणीत द्यावी असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"निष्काळजीपणा?"

"ड्रॉपडाउनमध्ये तेवढाच ऑप्शन होता, ताई. पर्सनली घेऊ नकोस."

ओरडायला म्हणून तिने तोंड उघडलं होतं. पण आवाज खालच्या पट्टीतच आला.

"फाइल तुमची आहे, परेश. तुम्हाला हवी तशी पाठवा."

ती जागेवर येऊन बसली. परेशची बोटं की-बोर्डवर आणखी चारदोन शब्द धावली आणि थांबली. त्याने खुर्ची वळवली.

"ताई?"

ती पुढच्या चित्रपटाची फाइल उघडत होती.

"ताई, असं काय बोलतेस?"

तिने हेडफोन कानांवर चढवले.

चारला दहा मिनिटं असताना तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तोंड उतरलेलं होतं. तिने हेडफोन काढेपर्यंत तो थांबला.

"चौदाच्या चौदा परत केले. शेनॉनलाही सांगितलं, चूक माझी होती. तिने रिपोर्ट काढून टाकला. फाइल गेली, तू लिहिली होतीस तश्शी. आता तरी शिव्या घाल ना."

हवं ते सगळं तिला मिळालं होतं. राग उतरायला हरकत नव्हती आणि खरं तर तो उतरलाही होता. पोराचे डोळे भरून आलेले तिला दिसत होते. 'गाढवा, बस इथे, चहा घे,' एवढंच म्हणायचं होतं. पाच वर्षं ती त्याला तेच म्हणत आली होती. तिने शेजारची खुर्ची ओढली, तोंड उघडलं आणि शब्द जिभेवर येऊन तिथेच अडला.

"थँक यू," ती म्हणाली. "तुम्ही बसा ना."

परेश उभाच राहिला.