वाघदेवाचा कोंबडा

जव्हारचं संस्थान विलीन झालं, राजाचं रान सरकारचं झालं, पण सूर्यमाळच्या रानकोंबड्यांच्या नशिबी फासेच राहिले. त्या उन्हाळ्यात राहीच्या दिराने, माघ्याने, लावलेल्या फाशात एक पिल्लू अडकलं आणि त्याचा पाय मोडला. एवढ्याशा जिवाचा रस्सा तो काय होणार! जरा वाढू दे, असं माघ्याला सांगून राहीने ते ठेवून घेतलं, बांबूची कामटी बांधून पाय सांधला आणि घरच्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं.

तिला ते पुन्हा रानात सोडायचं होतं. भात कापणीला येईपर्यंत पिल्लाचा तुरेबाज कोंबडा झाला, पण रानाचं नाव घेईना. राही त्याला टोपलीत घालून रानाच्या कडेला सोडून यायची, तर हा पठ्ठ्या तिच्याआधी उंबऱ्यावर हजर. वर उशीर का केलास म्हणून तिलाच टोचायचा. इकडे माघ्या येताजाता त्याची मांडी चाचपून बघायचा. शेवटी राहीने ठोकून दिलं, हा वाघदेवाला बोललेला आहे. माघ्याने हात मागे घेतला.

पण वाघदेवाच्या पूजेची वाघबारस काही चुकत नाही. त्या दिवशी सगळा पाडा देवापाशी जमला आणि भगत पुंजाने राहीला कोंबडा पुढे आणायला सांगितलं. त्याच्या हातात सुरी होती. राहीने कोंबडा छातीशी धरला.

"जिता देईन असं बोलले मी देवाला," ती म्हणाली. "कापून देईन असं नाय बोलले."

पुंजाने तिच्याकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. देवाचं देवाला, सोड त्याला, म्हणाला. कोंबडा दोन पावलं गेला, वळला आणि येऊन तिच्या पायावर बसला. हसता हसता पाड्याची पुरेवाट झाली. देवाने परत दिला, वयनी, आता चूल पेटव, असं म्हणत माघ्या उठलाच.

राहीने ढेकूळ उचललं. आजवर कोंबड्यावर तिने आवाजसुद्धा चढवला नव्हता.

"जा मेल्या," ती म्हणाली आणि रडत रडत ते त्याला मारलं. कोंबडा ओरडत उडाला तो थेट ऐनाच्या फांदीवर, आणि तिथून पलीकडच्या रानात.

घरी आली तर उंबऱ्यावर कोणी नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि मग पुन्हा रडू आलं.

सकाळी वरच्या रानातून कोंबड्याचं आरवणं ऐकू आलं. राही दारात धावली, तर समोर माघ्या उभा. त्याच्या हातात सगळ्या फाशांचा गुंता होता.

"देवाचा कोंबडा अडकला तर पाप कोणाला?" तो खाली बघत म्हणाला. "हे चुलीत घाल, वयनी."