शाईच्या गोलातला तारा

मित्रांनो, वहीच्या पानाएवढी एक जुनी काच, एवढीच माझी ओळख. पण माझ्या अंगावर साठ वर्षांपूर्वीच्या आकाशाचा एक तुकडा आहे.

फार पूर्वी खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावून दिसेल ते हाताने कागदावर काढत. मग आम्ही काचा आलो. आमच्या एका बाजूला प्रकाशाने काळा पडणारा लेप दिलेला असे. मला दुर्बिणीत बसवून तासभर आकाश दाखवलं. धुऊन वाळवल्यावर माझ्यावर हजारो काळे ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे एकेक तारा; तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा.

मग मी मोजणीच्या खोलीत गेले. तिथे खिडकीशी बसून सात बायका ठिपके मोजत. त्यांतल्या एकीला सगळे भिंगताई म्हणत, कारण जेवतानाही तिच्या गळ्यात भिंग लटकत असे. तिने मला आकाशाच्या त्याच तुकड्याच्या एका आधीच्या काचेशेजारी ठेवलं आणि एका ठिपक्यापाशी ती थबकली. आधीच्या काचेवरच्यापेक्षा तो निम्म्यावर आला होता. माझ्या मागच्या बाजूने तिने त्याच्याभोवती शाईने गोल काढला.

"साहेब, हा तारा मंदावलाय."

वेधशाळेचे मोठे साहेब हसले. "अहो, तिथे लेप पातळ बसला असेल. असे तारे मंदावायला लागले तर झालंच!"

"पण शेजारचे ठिपके ठणठणीत आहेत."

"पुढची काच घ्या, बाई."

भिंगताईने पुढची काच घेतली. पण त्याआधी माझ्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं, 'लेपाचा दोष नाही. तारा पुन्हा पाहावा.' कुणी पाहिला नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आले. आमचं तासाभराचं काम ते मिनिटात करू लागले. आम्हाला कधी न दिसलेले तारे त्यांनी टिपले. माझा त्यांच्यावर राग नाही. पण मोजणीची खोली बंद झाली आणि आमची रवानगी तळघरात झाली. एका वर्षी तिथे पाणी शिरलं. खालच्या रांगांतल्या काचांचे लेप सुटून वाहून गेले. "उरलेल्याही भंगारात काढा," असा हुकूम निघाला.

तेव्हा एक तरुण संशोधक बाई आडवी आली. तिने मुदत मागून घेतली आणि एकेक काच संगणकात उतरवायला सुरुवात केली. माझ्या पाकिटावरची ओळ तिने दोनदा वाचली. शाई पुसल्याशिवाय ठिपके नीट उतरणार नव्हते. म्हणून तिने आधी त्या गोलाचा फोटो काढला, मगच ओल्या कापसाने तो पुसला. माझ्या अंगावरून कुणाचं तरी बोट उचललं गेल्यासारखं वाटलं.

संगणकाने मोजलं. तारा खरंच मंदावला होता. अलीकडेच नव्या कॅमेऱ्यांनीही त्याला आधी उजळ असताना आणि मग पुन्हा तसाच मंदावताना पकडलं होतं.

तिने भिंगताईचा पत्ता शोधून काढला. नातसुनेचा हात धरून त्या आल्या. आता त्यांना अंधुकच दिसत होतं.

"आजी, तुमचंच बरोबर होतं," संशोधक बाई म्हणाली.

"ते मला ठाऊकच होतं गं. मधल्या काळात किती वेळा मंदावला तो?"

संशोधक बाईने मान खाली घातली. "ते आता कळायचं नाही, आजी. मधल्या काचा खालच्या रांगेत होत्या."

भिंगताईंनी माझी कड बोटांनी चाचपली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेव्हा, आधी नाही.

मित्रांनो, आता आम्ही वरच्या मजल्यावर कोरड्या कपाटात आहोत. पण दुर्बिणी कितीही मोठ्या होवोत, गेलेल्या रात्रीकडे त्या वळवता येत नाहीत. म्हणून जुनी वस्तू टाकायला काढाल, तेव्हा ती एकदा उजेडात धरून पाहा. माझ्यासाठी नको, त्या बुडालेल्या माझ्या बहिणींसाठी एवढं करा.