सावळीचं पडणं

कळसाडीच्या मगनला सिनेमातलं खोटं सहन होत नसे. बाकी जगातलं खोटं तो मुकाट गिळी. बाजारातलं मारलेलं माप असो, सोयऱ्याधायऱ्यांच्या थापा असोत, चालायचंच म्हणे. पण सारंगखेड्याच्या यात्रेत सिनेमाचा तंबू लागला, तिकीट काढून तो आत बसला आणि पडद्यावर कुणी त्याला बनवू लागलं, की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

भुताच्या चित्रांवर तर त्याचा दातच होता. पिठानं तोंड माखून एक माणूस झाडामागून बाहेर येतो, आणि मोठमोठे मिशाळ गडी एकमेकांना बिलगतात. मगन तिथल्या तिथे उभा राहून म्हणे, भुताचे पाय उलटे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि ह्या भाड्यानं तर वहाणा घातल्यात. नंदुरबारला त्यानं लोखंडी माणसाचं चित्र पाहिलं होतं. म्हातारा विद्वान कळ दाबतो, लोखंडी माणूस उठतो आणि शहर मोडत सुटतो. लोक महिनाभर त्याच्याबद्दल बोलत होते. मगनचं म्हणणं, ते रॉकेलचे डबे होते आणि आतला माणूस गुडघ्यात वाकत होता. लोखंड कधी गुडघ्यात वाकतं काय?

त्याला खरी गोडी मारामारीच्या चित्रांची. गड्यानं माडीवरून उडी टाकली तर टाकलीच पाहिजे. घोडा भरधाव येऊन कोसळला तर तो कोसळलाच पाहिजे. तिथे तो अशा टाळ्या पिटी की हात लाल होत. मात्र लबाडी दिसली की संपलं. तीन वर्षांपूर्वी एका चित्रात कड्यावरून घोडा पडला, आणि मगनला त्याच्या पोटातून पेंढा बाहेर आलेला दिसला. त्यानं तंबूचा मालक उमेदमल शेठ याला बाहेर ओढून भर यात्रेत असा फाडून खाल्ला की बघ्यांनी सिनेमा सोडून तोच तमाशा पाहिला.

त्या गर्दीत मुंबईच्या सिनेमा कंपनीचा एक माणूस होता. यात्रेत घोडे घ्यायला आला होता. तो हसत पुढे आला आणि म्हणाला, "पाटील, तुम्हाला खरं हवं ना? मग तुमचा घोडा द्या. पडद्यावर दिसेल."

मगन भाळला. त्याची सावळी नावाची घोडी होती, अंगानं काळी, डावा पुढचा पाय तेवढा गुडघ्यापर्यंत पांढरा. तिला वाढवली होती त्याच्या बायकोनं, भिकुबाईनं. शिंगरू असताना आई मेलेली, म्हणून भिकुबाईनं तिला बोटानं दूध चाटवलं होतं, आणि पुढे रोज पहिली भाकर तव्यावरून उतरली की ती सावळीची. मगननं घरी न विचारता घोडी देऊन टाकली आणि गावभर सांगत सुटला की आपली सावळी आता सिनेमात. भिकुबाई त्याच्याशी भांडली नाही. तिनं फक्त पहिली भाकर करून गोठ्याच्या दाराशी नेली, रिकामा गोठा पाहिला आणि ती तशीच परत आणली. असं ती बरेच दिवस करत होती आणि मगनला त्याचा संताप येई.

यंदा यात्रेत तंबू लागला आणि बातमी आली की त्याच कंपनीचं चित्र आहे, घोडेच घोडे आहेत. भिकुबाई जन्मात तंबूत गेली नव्हती. ती म्हणाली, "माले बी देखनं शे. ती धड शे का नही, तितलंच."

एवढ्यासाठी ती आली होती. सावळी धड आहे ना, बस.

त्या तंबूत पडदा मधोमध असे, पाणी मारून ओला केलेला, म्हणजे चित्र पलीकडेही उमटे. समोर पुरुषमंडळी, मागच्या बाजूला बायका आणि बायकांसोबत आलेले घरधनी. मगन आजवर नेहमी समोर, अगदी पडद्याला नाक लावून बसलेला. मागे बसणं म्हणजे त्याच्या लेखी उष्ट्या पत्रावळीवर जेवणं. पण बायको पहिल्यांदा आलेली, तिला समजावून कोण सांगणार? तो कुरकुरत मागे जाऊन बसला.

समोरच्या बाजूला एक माणूस पत्र्याच्या भोंग्यातून गोष्ट सांगत होता, मागे अर्धीच ऐकू येत होती. मधूनमधून पडद्यावर अक्षरं येत, पण अक्षरांशी मगनचं कधी जमलंच नव्हतं. सुरुवातीला थोडं भूत झालं. बायका पदरात तोंड लपवू लागल्या तशी मगननं भिकुबाईला भुताची लबाडी समजावून दिली. मग घोडे आले.

भिकुबाई ताडकन सरळ झाली. "ती देखा, आपली सावळी. कान कशे हालावस देखा."

मगननं निरखून पाहिलं. काळी घोडी होती खरी, पांढरा पायही होता. पण पांढरा पाय उजवा होता.

"आपली घोडीना डावा पाय धवळा शे," तो म्हणाला. "हिना उजवा शे. दुसरी शे ती."

"तीच शे. मी तिले वळखस."

"इतला सालपासून शिनेमा देखी ऱ्हायनू मी. तू माले शिकाडू नको."

भिकुबाईला वाटलं, असेल बाई, ह्यातलं ह्यांना कळतं.

पडद्यावर काळी घोडी भरधाव निघाली. मागे शत्रूचे स्वार, पुढे नदीचा दगडाळ काठ. आणि ऐन धावेत तिचे पुढचे दोन्ही पाय कुणी खालून ओढावे तसे गेले, मान आधी आपटली, मग सगळं अंग मानेवरून उलटलं. पेंढा नाही, काही नाही. असं पडणं मगननं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो उठून उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, बोटं तोंडात घालून शिटी मारली आणि ओरडला, "वन्समोअर!"

समोरची गर्दीही तेच ओरडली. यंत्रवाल्यानं फीत मागे गुंडाळली आणि घोडी पुन्हा धावली, पुन्हा पडली. भिकुबाईनं दुसऱ्या वेळी डोळे मिटून घेतले होते. मगन म्हणाला, "घाबरस का? दुसऱ्यानी घोडी ती."

पुढे नायक, राजाचा पोरगा, एका खेड्यात लपतो आणि गावकरी त्याला जेवू घालतात. पंगत बसली. नायकानं डाव्या हातानं घास घेतला.

"बेशरम," मगन मोठ्यानं म्हणाला. "राजाना पोऱ्या आनि डावा हाते खास." मग त्यानं पाहिलं, शेजारचाही डाव्या हातानं खातोय. त्याच्या पलीकडचा म्हातारा, पाटील, गावचा भट, सगळी पंगत डाव्या हातानं जेवत होती. वाढणारीनं डाव्या हातानं वाढलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मगन हसला नाही. त्याचा उजवा हात मांडीवर होता, तो त्यानं उचलून पडद्यासमोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. आपण मागे बसलोय. इकडून सगळं उलटं दिसतं. उजवं ते डावं आणि डावं ते उजवं.

तो उठला आणि कनातीखालून बाहेर गेला. उमेदमल शेठ तंबूच्या तोंडाशी खाटेवर बसला होता. मगननं त्याची बंडी गळ्याशी धरली.

"ती काळी घोडी कोठे शे?"

शेठ दचकला, पण ओळख पटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "मगनभाऊ, पाहिलंत ना? आता तरी खूश? पायांना तार लावून पाडलंय, पेंढा नाही. तुम्ही त्या साली माझी अब्रू घेतली, तेव्हापासून मी कंपनीला सांगून ठेवलंय, खरं पडणं असेल तरच चित्र पाठवा."

"घोडी कोठे शे?"

आता शेठच्या लक्षात आलं. त्याचा आवाज खाली आला. "मान मोडली म्हणे. तिथल्या तिथे. मला नव्हतं माहीत भाऊ, तुमची होती ते. देवाशपथ नव्हतं माहीत."

मगनला कुणाला तरी मारायचं होतं. शेठला मारावं तर तो खरंच बोलत होता आणि त्याचे डोळे भरले होते. कंपनीचा माणूस मुंबईत. आत पुन्हा कुणीतरी शिटी मारली, आणि तो आवाज ऐकून मगनला आत घुसून एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण सगळ्यात मोठी शिटी कुणाची होती ते त्याला ठाऊक होतं. त्यानं बंडी सोडली, खाटेला लाथ घातली आणि पायाला लागल्यावर खाटेलाच शिवी दिली.

चित्र संपलं. माणसं धक्काबुक्की करत बाहेर पडली. जो तो घोडीच्याच पडण्याबद्दल बोलत होता. भिकुबाई बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. घोड्यांच्या बाजाराकडून खिंकाळण्याचा आवाज येत होता, तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ती मंग उठनी का? नंतर दिसनी नही माले."

मगन रागानंच बोलला, जणू तिनंच काही गुन्हा केला होता. "तुले सांगं ना मी, आपली नही ती. आनि खोटं शे ते सगळं. पेंढानी घोडी व्हती. शिनेमामा सगळं खोटंच ऱ्हास."

भिकुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पेंढानी ऱ्हाती," ती म्हणाली, "तर तुम्ही टाळ्या वाजाड्या नसत्या."