खिडकीतून गेलेली चाल

रेकॉर्डिंग उद्या सकाळी दहाला, आणि बाईंचा पियानो नेमका आजच रुसून बसला होता. म्हणून पियानोचे सूर जुळवणाऱ्या काकांना बोलावणं गेलं. वीस वर्षं हाच माणूस, हीच पिशवी आणि चहा गार झाल्याची हीच कुरकुर. दोन तास तारा पिळून झाल्यावर ते म्हणाले, "हं, वाजवा आता."

बाईंनी नवं गाणं घेतलं. लहान मुलांसाठी गाणी करण्यात त्यांची हयात गेली होती, पण या गोगलगायीच्या गाण्याने त्यांना तीन आठवडे रडवलं होतं. पहिली ओळ संपते न संपते तोच काका डोलायला लागले आणि चक्क दुसरी ओळ गुणगुणले. ती बाईंनी अजून वाजवलीच नव्हती.

"तुम्हाला कशी माहीत ही चाल?"

"वा! आमची नात दिवसभर हेच म्हणत असते. कान किटले घरातल्यांचे."

बाईंनी समोरचा गाण्याचा कागद उलटा ठेवला. म्हणजे ही चाल आधीपासूनच होती. कधीतरी कानावर पडली असेल, डोक्यात मुरली असेल, आणि आपण ती आपली म्हणून कागदावर उतरवली. चाली उचलणाऱ्यांना त्यांनी आजवर चारचौघांत सोलून काढलं होतं. आता लोक त्यांना हसणार होते, आणि ते बरोबरच होतं. त्यातून ही चाल त्यांची फार लाडकी झाली होती.

"असतात हो सारख्या चाली," काकांनी समजूत घातली. "सूर मुळात सातच."

"सुरांचा हिशोब मला नका शिकवू! नातीला हे कुणी शिकवलं?"

काकांना पत्ता नव्हता. बाईंनी गाणं रद्द करायला फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"थांबा जरा," काका म्हणाले. "तिची शाळा इथेच मागे आहे. आत्ता सुटेल. घेऊनच येतो."

पंधरा मिनिटांनी नात दारात उभी. एका हातात बिस्कीट, एका बुटाची नाडी सुटलेली.

"मोठ्याने म्हणू की हळू?"

"मोठ्याने," बाई म्हणाल्या.

पोरीने दोन ओळी बिनचूक म्हटल्या. तिसरी अर्ध्यावर तुटली. तिने कपाळाला आठ्या घातल्या, "छे! छे! गाढव कुठली!" म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथेच अडली. परत "छे! छे! गाढव कुठली!"

"अगं, शिव्या कुणाला देतेस?" काका ओरडले.

"आजोबा, गाण्यातच आहे ते! मधल्या सुट्टीत वरच्या खिडकीतून येतं. आम्ही सगळेच म्हणतो."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. तीन आठवडे त्या याच तिसऱ्या ओळीवर अडत होत्या आणि दरवेळी याच शब्दांत स्वतःला झोडपत होत्या. चाल त्यांचीच होती. जीव भांड्यात पडला, आणि मग त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटल्या. काकांना काही कळेना, तरी तेही हसले.

मग बाईंनी पोरीला शेजारी बसवून तिसरी ओळ पुरी वाजवून दाखवली. तिने मन लावून ऐकली आणि नाक मुरडलं.

"छान आहे. पण छे-छे कुठे गेलं?"

बाईंनी पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या ओळीच्या मधोमध "छे! छे!" लिहून टाकलं. गाढव तेवढं गाळलं.